ब्रेक ओके, सही माझी

मी आणि बायकोने मिळून शेवटचं काम केलं ते चादर पिळायचं. जाडजूड सोलापुरी चादर, एकट्याच्या हाताने आवरत नाही. एक टोक तिच्याकडे, एक माझ्याकडे, परदेशीपुऱ्यातल्या आमच्या खोलीवरच्या गच्चीत समोरासमोर उभे. ती पीळ घालत होती आणि मी इकडून तिचाच पीळ सोडवत होतो.

“अहो इंजिनिअरसाहेब,” ती म्हणाली, “नट खोलताय की चादर पिळताय? उलटे फिरवा ना हात.”

उलटे फिरवले. पाणी निघालं. चादर दोरीवर टाकताना तिला दम लागला, ती टाकीला टेकून बसली. काय झालं म्हणून विचारलं तर म्हणाली, काही नाही, जिना चढला की हल्ली असंच होतं, बसलं की बरं वाटतं. मी म्हणालो, मग बस. आणि डबा उचलून ड्यूटीवर निघून गेलो.

दुपारी शेजारणीचा फोन आला तेव्हा मी गाडीखाली होतो. दुसऱ्यांदा आला तेव्हाही गाडीखालीच. तिसऱ्यांदा उचलला. हॉस्पिटलात पोहोचलो तोवर सगळं आटोपलं होतं. डॉक्टर तरुण होता, चांगला बोलला. म्हणाला, हार्ट होतं, काका. आधी काही त्रास होता का? मी सांगितलं, जिना चढताना दम लागायचा, दोनेक महिने झाले असतील. तो म्हणाला, तेव्हाच दाखवायचं. वेळच्या वेळी तपासणी झाली असती तर कळलं असतं.

मी म्हणालो, बरोबर आहे साहेब. आमच्याकडेही असंच चालतं.

त्याला वाटलं, म्हातारा धक्क्याने बरळतोय. मी चांगला शुद्धीवर होतो. मी बसच्या कंपनीत मेकॅनिक आहे आणि तपासणी वेळेवर न करणे हेच आमचं काम आहे.

आठवीत शाळा सोडली. आमचे पूर्वज म्हणे राजाच्या फौजेत घोडे सांभाळायचे. मी सरकारी बसच्या वर्कशॉपात लागलो, तेही एका अर्थी घोडेच. मग ती सरकारी बस बंद पडली आणि एका खाजगी कंपनीने आम्हा जुन्या लोकांना उचललं. म्हातारा मेकॅनिक स्वस्त पडतो. त्याला घरी बसवत नाही, बाहेर कुणी घेत नाही, आणि पगार कमी आहे म्हटलं तर आधी स्वतःचंच वय आठवतं.

पगाराचं काय सांगू. डेपोच्या गेटसमोर पोहे-जिलेबीची गाडी लावणारा बंदा दर पावसाळ्यात महिनाभर गाव फिरून येतो. मी गेली कितीतरी वर्षं घरच्या नळाला वॉशर टाकायचा तर महिना उलटायची वाट बघतो. एकदा आम्ही सगळे मेकॅनिक मिळून मॅनेजरकडे गेलो. पगार वाढवा म्हटलं. मॅनेजर भला माणूस. बसवलं, चहा पाजला, म्हणाला, तुमच्यामुळे तर कंपनी आहे. पुढच्या आठवड्यात सगळ्यांच्या गळ्यात नवे पट्टे आले. कार्डावर फोटो, आणि फोटोखाली छापलेलं: मेंटेनन्स इंजिनिअर. पगार जुनाच. पगार वाढवायला पैसे लागतात, नाव वाढवायला फक्त प्रिंटर लागतो.

मी घरी येऊन हसत हसत ते कार्ड तिच्या हातात दिलं. ती हसली नाही. पदराने पुसलं, नीट वाचलं, आणि लगेच देवासला भावाला फोन लावला. “तुझे भाऊजी इंजिनिअर झाले रे!”

मी म्हटलं, “अगं, लोक हसतील. सिमरोलला ते मोठं कॉलेज आहे, तिथे खरे इंजिनिअर बनवतात. त्या कॉलेजात शिरायला भंवरकुआंच्या कोचिंगमधे पोरं अर्धी पागल होतात. आणि मला काय, गळ्यात पट्टा घातला.”

“ते शिकून झाले,” ती म्हणाली, “तुम्ही करून झालात.”

त्यानंतर गल्लीत, नात्यात, भाजीवाल्याकडे, सगळीकडे मी इंजिनिअर. मी पण पुढे पुढे नाही म्हणायचं सोडून दिलं. फोकटात मिळालेली गोष्ट होती, आणि आमच्या घरात तशा गोष्टी फार नव्हत्या.

आता या इंजिनिअराचं काम ऐका. आमचं शहर स्वच्छतेत नंबर एक, तेव्हा गाड्या रोज धुतल्या पाहिजेत. धुवायला दोन माणसं, प्रेशरचा पाइप, शँपू. एकही गाडी चिखलाचा डाग घेऊन बाहेर पडत नाही. खाली शिरून बघायला मात्र माझ्यासारखे दोन म्हातारे आणि एक टॉर्च, तिचा पण सेल आपला आपण आणायचा. स्टोअरमधे रजिस्टर आहे, कुलूप आहे, किल्ली आहे, स्टोअरकीपर आहे. सामान तेवढं नाही. सुरक्षा सप्ताहात गेटवर बॅनर लागतो आणि आम्हाला एकेक मिठाईचा डबा मिळतो. मी त्या वेळी मॅनेजरला म्हटलं होतं, साहेब, डब्यात काजूकतलीऐवजी ब्रेकचे लायनर घाला. सगळे हसले. मॅनेजर सगळ्यांत जास्त हसला.

डेपोचा एकच नियम: चालतेय ना? मग चालू दे. हा नियम मी घरी केव्हा आणला, ते माझ्या ध्यानातच आलं नाही.

आणि सह्या. दर गाडीचं रोज एक कार्ड असतं. ब्रेक, स्टेअरिंग, टायर, लाइट, सगळ्यांसमोर आपण बघून टिक करायची आणि खाली सही. पूर्वी अशीच पद्धत होती. मग वरच्या कुणा हुशार माणसाच्या लक्षात आलं की टिक करण्यात इंजिनिअरांचा फार वेळ जातो. तेव्हापासून कार्डं ‘ओके’ छापूनच येतात. ब्रेक ओके, स्टेअरिंग ओके. आपण फक्त सही करायची. सकाळी चहा येतो, त्याच्याबरोबर गठ्ठा येतो. एक घोट, एक सही. चहा थंड व्हायच्या आत अकरा गाड्या तपासून होतात. सही नाही केली तर गाडी निघत नाही, आणि गाडी निघाली नाही तर हजेरी कापतात. गाडीची नाही, आपली.

एका गाडीचं नाव आम्ही रडकी ठेवलं होतं. ब्रेक दाबला की मागच्या डाव्या चाकातून रडायची. ब्रेकच्या आत जो लायनर असतो, तो ड्रमवर घासून गाडी थांबवतो. रडकीचा लायनर झिजून संपला होता, त्याला धरून ठेवणारे नुसते रिवेट ड्रमवर घासत होते. लोखंडावर लोखंड. मी सुपरवायझरला हात धरून आणलं, टॉर्च मारून दाखवलं.

“मालूम है काका,” तो म्हणाला. “मागवलेत लायनर.”

“कधी येणार?”

“येतील ना. तोपर्यंत सिटीत चालवू. सपाट रोड, दर दोन मिनिटांनी सिग्नल, स्पीड कुठे मिळतेय तिला? घाटात नाही पाठवणार. माझी जबान.”

त्याची जबान, माझी सही. रडकी निघाली. दीड-दोन महिने रोज निघत होती. संध्याकाळी घरी गेलो की बायको पाण्याचा तांब्या हातात देताना विचारायची, “आज सगळ्या गाड्या ठीक?” मी म्हणायचो, “सगळ्या ओके.” ती विचारायची म्हणून विचारायची, मी सांगायचो म्हणून सांगायचो. भाजीमंडीला ती त्याच गाड्यांनी जायची. पास मीच काढून दिला होता.

ती गेल्यावर चौथ्या दिवशी मॅनेजर भेटायला आला. चप्पल बाहेर काढली, सतरंजीवर मांडी घालून बसला, हात जोडले. म्हणाला, “काका, दहाव्याला ओंकारेश्वरला जाणार असाल ना? कंपनीची गाडी घेऊन जा. डिझेल आमचं, ड्रायव्हर आमचा. एवढं तरी करू द्या.”

माझ्या मेहुण्याचे डोळे भरून आले. देवासचा तो, दहा दिवस इथेच मुक्काम ठोकून सगळं बघत होता. मॅनेजर गेल्यावर म्हणाला, “भाऊजी, अशी कंपनी नशिबाने मिळते.”

मी म्हटलं, “हो ना. नशिबाचाच भाग आहे.”

दहाव्याच्या सकाळी गल्लीच्या तोंडाशी गाडी येऊन उभी राहिली. चकाचक धुतलेली. पुढच्या काचेवर झेंडूचा हार, दुःखाचा प्रसंग असूनही. रडकी. 

ड्रायव्हर खाली उतरला, माझ्याकडे न बघताच म्हणाला, “काका, मैं क्या करूँ. यही दी. बाकी सब रूट पे हैं.” त्याचंही बरोबर. ज्या गाड्या घाट चढू-उतरू शकतात त्या कमावतात. फुकटात द्यायची ती रडकीच देणार.

तेव्हाच बोलायला हवं होतं. पण तीस माणसं पिशव्या-डबे घेऊन चढायला लागली होती. बायकोच्या म्हाताऱ्या नणंदा, भाचे-सुना, दोन तान्ही पोरं. मेहुणा शेजारच्यांना सांगत होता, “या सगळ्या गाड्यांचं मेंटेनन्स आमच्या भाऊजींकडे. इंजिनिअर आहेत ना.” माझी मुलगी अस्थींचा कलश मांडीवर घेऊन पहिल्या सीटवर बसली होती. कलशावर लाल फडकं बांधलेलं. मी ड्रायव्हरच्या मागे जाऊन बसलो आणि स्वतःशी म्हणालो, सिटीत आहे तोवर सपाट रोड आहे. सुपरवायझरची जबान माझ्या तोंडात आली होती.

गाडी निघाली. दर सिग्नलला रडकी रडत होती. भंवरकुआंला तर फुटपाथवरची पोरं वळून बघायला लागली. माझी मोठी बहीण मागून ओरडली, “काय रे हा आवाज? कानाचे पडदे फाटतात.”

मेहुण्याने परस्पर उत्तर दिलं. “आक्का, नवीन ब्रेक असले की असाच आवाज येतो. काय हो भाऊजी?”

आणि मी मान हलवली. हो म्हणून.

माझ्या आयुष्यातल्या सगळ्या सह्यांत ती मान हलवणं सगळ्यांत स्वस्त होतं. पेनही लागलं नाही.

शहर संपलं. दोन्हीकडे गहू. सिमरोल आलं, त्या मोठ्या कॉलेजचं गेट आलं. ज्याला रस्ता माहीत आहे त्याला सांगायला नको, सिमरोल सुटलं की भेरूघाट लागतो. उतार, वळणं, एका बाजूला दरी, समोरून ट्रक. ड्रायव्हरने वेग कमी केला. आरशात माझ्याकडे बघितलं. मग पुन्हा रस्त्याकडे. त्याला पोरंबाळं आहेत, नोकरी आहे, आणि कार्डावर सही आम्हा मेकॅनिकांची असते.

मुलगी म्हणाली, “बाबा, आईला ओंकारेश्वरला यायचं होतं नी. किती वेळा म्हणाली.”

खरं होतं. दर वर्षी म्हणायची. मी म्हणायचो, सुट्टी मिळाली की जाऊ.

मी म्हणालो, “गाडी बाजूला घे.”

ड्रायव्हरने इतक्या लगबगीने घेतली की तो त्याचीच वाट बघत होता हे सगळ्यांना कळलं असतं. रडकी लांबलचक रडली आणि एका चहाच्या दुकानासमोर थांबली.

“उतरा सगळे,” मी म्हणालो. “सामान घेऊन.”

मेहुणा उठला. “काय झालं भाऊजी? चहा परत येताना पिऊ. गुरुजी थांबलेत नर्मदेवर, वेळ टळेल.”

“गाडीचे ब्रेक गेलेत.”

“आता तर थांबली की!”

“इथे थांबली. उतारावर थांबणार नाही.”

“तुम्हाला इथे बसल्याबसल्या कसं कळलं?”

“दोन महिन्यांपासून माहीत आहे.”

 एक तान्हं पोर रडायला लागलं. मेहुणा हळू आवाजात म्हणाला, “मग कंपनीने सोडली कशी? कुणीतरी तपासून पास करत असेल ना?”

“करतो,” मी म्हणालो. “मीच करतो. आजच्या कार्डावर दुसऱ्या म्हाताऱ्याची सही असेल. पण दहा दिवसांपूर्वीपर्यंत रोज माझी. ब्रेक ओके म्हणून.”

“बघून?”

“चहा पिऊन.”

 मग जे विचारायचं नव्हतं तेच त्याने विचारलं. “ताई पण बसायची या गाडीत?”

“बसायची.”

 त्याने वाकून माझ्या मुलीच्या मांडीवरचा कलश उचलला, दोन्ही हातांनी धरला, आणि पहिला खाली उतरला. त्याच्यामागे सगळे. माझ्या अंगाला अंग लागू न देता उतरले, एकेक करून. बहीण तेवढी थांबली. “मेल्या,” म्हणाली, “मला सत्तर वर्षांची झाल्यावर दरीत टाकणार होतास?” आणि माझाच हात धरून पायरी उतरली.

तासभर आम्ही त्या चहावाल्याकडे उभे होतो. मग खंडव्याकडे जाणारी एक सवारी बस आली. मेहुण्याने हात दाखवून थांबवली. सगळे चढायच्या आधी माझ्याकडे बघायला लागले. इतकी वर्षं इंजिनिअर होतो, पण कुणी खरोखर मत विचारायची ही पहिलीच वेळ.

“ही ठीक आहे का, मामा?” एका भाच्याने विचारलं.

मी वाकून चाकं बघितली, ड्रायव्हरला ब्रेक दाबायला लावला, आवाज ऐकला. “हिच्यावर माझी सही नाही,” मी म्हणालो. “बसा.”

कुणी हसलं नाही. बसले मात्र.

ओंकारेश्वरला नदीच्या घाटावर गुरुजी रागावलेले. माझं डोकं भादरलं, विधी झाले, कलशातलं नर्मदेत सोडलं. पिंड ठेवून आम्ही मागे सरलो. आमच्यात कावळा शिवेपर्यंत थांबतात, आणि नाही शिवला तर गेलेल्या माणसाची काही इच्छा राहिली असं समजून कुणीतरी पुढे होऊन शब्द देतं, तुझं अमुक करीन म्हणून. मी मनात तयारी करत होतो. मोठा शब्द द्यायचा होता. तीस माणसांच्या देखत द्यायचा होता.

मी तोंड उघडायच्या आत कावळा आला, शिवला, उडून गेला.

“सुटली,” बहीण म्हणाली.

सुटलीच. आयुष्यभर मला कशाला अडवलं नाही, तिथेही अडवलं नाही. कबूल करायला समोर कुणी उरलंच नाही.

परतीच्या बसमधे मेहुणा मुद्दाम माझ्या शेजारी येऊन बसला.  मग म्हणाला, “भाऊजी, ताईला माहीत होतं का हे सह्यांचं?”

“नाही. ती रोज विचारायची, मी रोज ओके सांगायचो.”

“आणि तिला दम लागत होता, ते?”

“ते मला माहीत होतं.”

“मग?”

“चालत होती ना,” मी म्हणालो.

त्याने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला नाही, शिवीही दिली नाही. दोन्हींपैकी काहीतरी त्याने करायला हवं होतं. बसमधे झोपलेल्या माणसासारखे डोळे मिटून घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाचला मी डब्याशिवाय निघालो. मेहुणा जागाच होता. म्हणाला, “आज अकरावा आहे. सुतक आहे, कुठे निघालात?”

“सुतक मला आहे,” मी म्हटलं. “ब्रेकला नाही.”

डेपोत चहा आलेला, गठ्ठा आलेला. रडकीला टोचन करून, दुसऱ्या गाडीमागे ओढत परत आणली होती आणि परत धुतली होती. माझं भादरलेलं डोकं बघून सुपरवायझर उठून उभा राहिला. “काका, आज कशाला आलात? आणि काल तुम्ही पण हद्द केली. रस्त्यात सोडून दिली गाडी. मॅनेजरसाहेबांना किती वाईट वाटलं.”

“लायनर आले का?”

“येतील. आज परत सिटीतच लावली आहे. करून टाका सही.”

मी रडकीचं कार्ड घेतलं. ‘ब्रेक ओके’वर आडवी रेघ मारली, खाली लिहिलं: मागच्या डाव्या चाकाला लायनर नाही, गाडी चालवू नये. आणि सही केली, पूर्ण नावाची. त्याने ते वाचलं, शांतपणे चार तुकडे केले, आणि ड्रॉवरमधून दुसरं छापील कार्ड काढलं. कार्डांची आमच्याकडे कधीच टंचाई नव्हती.

“काका, समझो. नोकरी जाईल.”

“जाऊ दे.”

“फक्त तुमची नाही. माझी पण.”

त्याच्या तोंडून खरं ऐकायची ही पहिलीच वेळ होती. मला त्याची दया आली, पण थोडीच. मी जाऊन जॅक आणला. रडकीच्या मागे लावला, खाली लाकडाचे ठोकळे सारले, नटांना पाना लावला. पहिले दोन नट हलेनात, पान्यावर उभं राहून अंगाचा भार टाकला तेव्हा सुटले. मागची डावीकडची दोन्ही जोडचाकं काढली आणि एकेक करत ढकलत नेऊन मॅनेजरच्या केबिनच्या दाराला टेकवून ठेवली. ड्रायव्हर लोक चहाचे ग्लास हातात धरून बघत होते. एकाने विचारलं, “काका, ये क्या कर रहे हो?”

“मेंटेनन्स,” मी म्हणालो.

दहा गाड्या उरल्या होत्या, इंजिनं चालू करून ओळीत उभ्या. सहाला गाड्या सुटतात, आणि सहा वाजायला थोडाच वेळ होता. मी पहिलीच्या ड्रायव्हरला म्हटलं, बंद कर, आणि जॅक तिच्याखाली सरकवला.